पंचाहत्तर दिवे

परीक्षितने स्मोक अलार्मची बॅटरी काढून खिशात टाकली.

"पंचाहत्तर दिवे लावले तर हा बोंबलत सुटेल," स्टुलावरून उतरत तो म्हणाला. "फक्त आजच्यापुरती हं, बाबा."

श्रीकांत देवस्थळी दाराच्या सगळ्यात जवळच्या खुर्चीत बसले होते. ती जागा त्यांनी स्वतः निवडली होती. घड्याळात बाराला दहा कमी होती. त्यांचा जन्म दुपारी बारा वाजून दहा मिनिटांचा, असं आई सांगायची. आणखी वीस मिनिटं काढली की पंचाहत्तर पूर्ण, आणि मग त्यांना मारण्यात कुणाचाच फायदा उरणार नव्हता. भारतातल्या वेळेने ते पहाटेच सुटले होते. पण इंग्लंडचा टॅक्स इंग्लंडच्या घड्याळावर चालतो.

चूक त्यांचीच होती. गेल्या वर्षी नियम बदलला आणि पेन्शनच्या खात्यात सोन्याच्या विटा ठेवता येऊ लागल्या. कॉव्हेंट्रीच्या मोटार कारखान्यात तीस वर्षं घासून जमवलेली पेन्शन देवस्थळींनी अख्खी सोन्यात घातली. एकेक किलोच्या बारा विटा. त्या लंडनला कुठल्याशा तळघरात होत्या, देवस्थळींनी डोळ्यांनी पाहिल्याही नव्हत्या. मुलांसाठी मागे ठेवायचं तर सोनंच, एवढं त्यांना कळत होतं. मग हौसेने त्यांनी दोन्ही मुलांना बोलावलं आणि सल्लागाराला समोर बसवलं.

सल्लागार हसतमुख गोरा होता. चहात बिस्किट बुडवत त्याने समजावलं : पेन्शनला हात न लावता वडील पंचाहत्तरीच्या आत गेले, तर बाराच्या बारा विटा मुलांना, टॅक्स शून्य. पंचाहत्तरीनंतर गेले, तर मुलांना बारातल्या दोन, बाकीच्या सरकारला.

बिस्किटाचा तुकडा चहात पडल्याचं ऐकू आलं. मग मुलीने, कस्तुरीने, विचारलं, "पंचाहत्तर म्हणजे एक्झॅक्टली कधी?"

"डेट ऑफ बर्थ फाइलवर आहे," असं सांगून सल्लागाराने दुसरं बिस्किट घेतलं.

त्या दिवसापासून मुलं फार प्रेमळ झाली.

एडिनबराच्या बँकेत असलेल्या परीक्षितला चार वर्षांत घरी यायला सवड झाली नव्हती. त्याने जानेवारीत बाबांना मुद्दाम बोलावून घेतलं आणि बर्फ साचलेल्या टेकडीवर फिरायला नेलं. "कड्याला या ना बाबा, व्ह्यू छान दिसतो." कस्तुरी दोन गल्ल्या सोडून राहायची. बायपासनंतर ती बाबांच्या ताटातलं मीठसुद्धा मोजायची. आता ती दर रविवारी साजूक तुपातल्या बेसनलाडवांचा डबा आणू लागली. जिन्यावरचं कार्पेट जुनाट दिसतं म्हणून तिने ते काढायला लावलं, आणि खालच्या लाकडाला पॉलिश करून घेतलं. जिना आरशासारखा लखलखला.

देवस्थळी खाली सोफ्यावर झोपू लागले. लाडू ते बागेत कबुतरांना घालत. कबुतरांना काही झालं नाही, पण कबुतरांच्या नावावर सोनं नव्हतं.

पेन्शन सुरू करून टाकली असती तर निम्मा प्रश्न मिटला असता. पण मग पंचाहत्तरीच्या आत गेले तरी मागे उरेल त्यातले पस्तीस टक्के सरकारने नेले असते. देवस्थळींना मरणाची भीती होती, पण ती टॅक्सच्या खालोखाल.

कस्तुरी तबक घेऊन आली. कणकेचे पंचाहत्तर दिवे, अक्षता, सुपारी आणि आईची सोन्याची अंगठी. देवस्थळींच्या पत्नी यमुनाबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती. कस्तुरीने कुंकू लावलं, अंगठी नि सुपारी बाबांच्या चेहऱ्याभोवती फिरवली, मग तबक ओवाळलं. ज्योतींची धग गालाला लागत होती. पडदा हातभरावर होता. देवस्थळी मिनिटकाट्याकडे बघत होते.

बारा दहा झाले. बारा अकरा झाले.

देवस्थळी हसले. वर्षभरात पहिल्यांदा हसले. त्यांनी तबकाशेजारचा लाडू उचलला आणि अख्खा तोंडात टाकला. लाडू उत्तम झाला होता. त्यांचे डोळे भरून आले.

"पोरांनो, मी तुमच्याबद्दल नाही नाही ते मनात आणलं," ते म्हणाले. "जाऊ दे. सुटलो आता. पंचाहत्तर झाली!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बाबा," कस्तुरी हळूच म्हणाली, "हा तर आपला घरातला बर्थडे. पासपोर्टवर तर फर्स्ट जून आहे ना?"

लाडू घशात थांबला. शाळेत नाव घालताना वडिलांना तारीख आठवली नव्हती. गुरुजींनी अर्ध्या वर्गाला लावली तीच लावून टाकली : एक जून, आणि साल पुढचं. देवस्थळींनी ती तारीख जन्मभर प्रत्येक फॉर्मवर लिहिली होती, आणि दर वेळी पेन खाली ठेवताच विसरून गेले होते. सल्लागाराच्या फाइलवरही त्यांनी ती स्वतःच्याच हाताने लिहिली होती.

"साडेसहा महिने," परीक्षित म्हणाला. त्याला हिशेब करावा लागला नाही.

तबकातले दिवे अजून जळत होते. कस्तुरीने ते तबक खिडकीत, पडद्याखाली ठेवलं आणि कोट घातला. परीक्षितने गाडीची किल्ली घेतली. पाहुणे संध्याकाळी येणार होते. तोवर बाबांनी जरा पडावं, असं दोघांचं ठरलं होतं. वरच्या खोलीत, बेडवर, नीट.

देवस्थळींनी छताकडे बोट केलं. "परीक्षित, जाण्याआधी ती बॅटरी परत लाव."

"कुठली बॅटरी, बाबा?" परीक्षितने विचारलं.