चौथी ओळ, नववी कबर

‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?’ कॉम्प्युटरने पाचव्यांदा विचारलं आणि एडविनसरांनी पाचव्यांदा ‘नाही’ दाबलं. दुपारचे दोन वाजले होते. चार वाजता मरियाबाईंचं दफन होतं.

परवाच सरांनी हौसेने चर्चच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम घालून घेतली होती. स्क्रीन झकास दिसायला लागला, अक्षरं गोजिरवाणी झाली आणि ज्या दुसऱ्या डिस्कवर कबरस्तानाचा नकाशा होता, नेमकी तीच उघडेना.

गावातल्या कबरी मातीच्या. दगड बसवण्याची ऐपत फार थोड्यांची होती आणि लाकडी क्रूस वाळवीने कधीच फस्त केले होते. म्हणून तीन वर्षांपूर्वी, हायस्कुलातून निवृत्त झाल्या झाल्या, सरांनी मनावर घेतलं. चाळीस वर्षं तिथे खड्डे खणणाऱ्या आसारामला पुढे घातलं आणि भर उन्हात एकेका कबरीपाशी थांबवून नाव विचारलं. आसाराम घुटमळला की सर वर्गातल्यासारखे डाफरायचे, ‘अंदाज नको, नाव सांग!’ मग तो सांगायचा. नकाशात दोनशे अकरा नावं भरली. चर्चच्या मंडळीने सरांना शाल-श्रीफळ दिलं. पाळकसाहेब तेव्हाच म्हणाले होते, एक कॉपी पेन ड्राइव्हवर ठेवा. सर नुसते हसले होते. कॉपी काढायची राहूनच गेली होती.

दाराशी मरियाबाईंचा मुलगा स्टीफन उभा होता. सकाळीच पुण्याहून आला होता. बाप गेला तेव्हा तो चार वर्षांचा होता.

“सर, आईची एकच इच्छा होती. बाबांच्या शेजारी. पण बाबा कुठे आहेत तेच मला माहीत नाही. नाताळला यायचो, जेवायचो, निघायचो. तिकडे कधी गेलोच नाही.” त्याने मान खाली घातली.

मरियाबाई सरांना आठवत होत्या त्या रविवारच्या. उपासना सुटली की काखेत गोणपाट मारून कॅनॉलच्या दिशेने निघायच्या. शेळीसाठी गवत आणायला जात असतील, असं सर धरून चालले होते. विचारलं मात्र कधी नव्हतं.

त्यांनी डिस्कची केबल काढली, फुंकर मारली, परत लावली. दुसऱ्या जागी लावून पाहिली. डिस्क तपासायला लावली, तर तपासणी अकरा टक्क्यांवर अडली ती अडलीच. शेवटी त्यांनी राहुरीच्या करणला फोन लावला. कॉम्प्युटर दुरुस्तीत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

“डिस्क कटकट वाजती का, सर?”

“नाही.”

“मग जिती हाय. चुकूनबी फॉरमॅट करू नका. नवी सिस्टीम तिला वळखत नसंल. एखादा जुना कॉम्प्युटर आसंल तर त्याला लावून बगा.”

जुना कॉम्प्युटर संडेस्कूलच्या कपाटात होता, नाताळच्या कागदी चांदण्यांखाली. सर तो ओढून काढत होते तेवढ्यात आसाराम दारात येऊन उभा राहिला. खांद्यावर कुदळ होती.

“सर, खड्ड्याचं मी काय म्हनतो...”

“नकाशा उघडेपर्यंत कुदळीला हात लावायचा नाही!” सर ओरडले.

आसाराम कुदळ सावरत निघून गेला.

जुना कॉम्प्युटर रडतखडत सुरू झाला. सरांनी डिस्क जोडली आणि डोळे मिटून प्रार्थना केली. डोळे उघडले तेव्हा डिस्क स्क्रीनवर हजर होती. नकाशा जसाच्या तसा होता. चौथी ओळ, नववी कबर: मोझेस, स्टीफनचे वडील. सरांना रडूच फुटलं. त्यांनी कागद छापून घेतला आणि स्टीफनला मागे बसवून स्कूटर कबरस्तानाकडे पिटाळली.

आसारामने खड्डा घेतला होता. मांडीपर्यंत आत उतरला होता तो, आणि तोही चौथ्या ओळीत नव्हे, पार दुसऱ्या टोकाला, कॅनॉलच्या कडेला. सर संतापाने लाल झाले.

“सांगितलं होतं ना तुला? हा बघ नकाशा! तूच दाखवलेली जागा आहे!”

आसारामने कुदळ खाली ठेवली. स्टीफनकडे एकदा पाहिलं, मग सरांकडे.

“सर, त्या दिशी तुमी न्हाई म्हनूच देत न्हवता. मला आठवत न्हवतं तितंबी मी बोट दाखवलं. तुमी लिवून घेतलं. ही जागा मला मागनं ध्यानात आली.”

कागद सरांच्या हातात फडफडत राहिला. दोनशे अकरा नावं. त्यांतली खरी किती, हे विचारायचा त्यांना धीर होईना. त्यांना लाज वाटली आणि भीतीही वाटली. आणखी अर्ध्या तासात शवपेटी येणार होती.

“मग हीच जागा कशावरून?” स्टीफनने विचारलं.

आसाराम खड्ड्यातून वर आला. सगळीकडे गुडघाभर गवत माजलं होतं. खड्ड्याच्या कडेला मात्र हातभर जमीन उघडी होती, अंगणासारखी चोपून बसलेली. पलीकडे मातीचा एक बसका उंचवटा होता. आसारामने त्या उघड्या जमिनीवर तळवा ठेवला.

“मरियाबाई दर रविवारी हितंच गोणपाट टाकून बसायच्या, दादा. मालकाशेजारची जागा त्यांनीच धरून ठेवली हाय.”