वॉर्डाची टेप

यकृत कायमचं बिघडलेल्या शिंपीकाकांच्या पोटात पाणी साठायचं, म्हणून सिस्टर रोज टेपने घेर मोजायची. आज राउंडला मोठे डॉक्टर आकडा बघून खूश झाले. “पोट दोन इंच उतरलं! घरी सोडा, खाट रिकामी करा.” काका उसळले. “उतरलं कसलं? पायजम्याची नाडी कशीबशी बांधतोय. तुमची टेप ताणलीय, माप कमीच दाखवणार!” “शिंपी आम्हाला शिकवणार?” डॉक्टर हसले. सिस्टर चपापली. रोजची टेप सापडेना, म्हणून तिने कपाटातली जुनी काढली होती. काकांच्याच पिशवीतली टेप घेऊन तिने पोटावर रोजच्या मापासाठी केलेल्या शाईच्या खुणेवर धरली. पोट उलट इंचभर वाढलं होतं. “राउंड खोळंबलाय, सिस्टर. डिस्चार्ज लिहा!” तिने ड्रेसिंगच्या ट्रेमधली कात्री उचलली, वॉर्डाच्या टेपचे सगळ्यांदेखत दोन तुकडे केले. “खाट रिकामी होणार नाही, सर.” काकांनी तुकडे निरखले. “कात्री सरळ चालवलीस, पोरी!”