वळणावरची डोकी

"डोकं, हात, कोपर, रुमाल, काहीही बाहेर नको," खिडकीबाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं.

जुन्या वाफेच्या गाडीची ही सहल. डबा लाकडी आणि अरुंद. एका बाजूला जायची वाट, दुसऱ्या बाजूला बारा बाक आणि प्रत्येक बाकाला एक उघडी खिडकी. आज अकरा बाकांवर रेल्वेतून निवृत्त झालेली माणसं आपापल्या बायकांसह बसली होती. बाराव्यावर तपासणीचे साहेब, मांडीवर तक्ता घेऊन. एक जरी डोकं बाहेर दिसलं, तर सोमवारी सगळ्या खिडक्यांना लोखंडी गज बसणार होते. डब्यातल्या खिडक्यांवर नजर ठेवायचं काम बाईंकडे, म्हणून सगळे त्यांना खिडकीबाई म्हणत. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून वीस वर्षं त्यांनी पोरींना खिडक्यांतून आत ओढलं होतं, पण खिडक्यांना गज मात्र कधी लावू दिले नव्हते.

"बाई, चाळीस वर्षं मी डोकं बाहेर काढून इंजिन चालवलं," ड्रायव्हरकाका म्हणाले. "अजून मानेवरच आहे ते."

"मानेवर आहे हो," त्यांची बायको म्हणाली. "आतलं तेवढं वाऱ्याने उडालं."

बाईंना धास्ती होती ती वळणाची. वळण आलं की ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, सगळे बाहेर डोकावून मागचे-पुढचे डबे नीट येतायत ना ते बघणार. ही सवय निवृत्त झाली म्हणून जात नाही. आणि वळण संपताच इंजिनात पाणी भरायचा जुना खांब, रुळांना अगदी खेटून उभा. म्हणून बाईंनी आधीच बंदोबस्त केला होता. खिडकीकडे बायका, वाटेकडे नवरे.

"वळण आलं की प्रत्येकीने आपल्या नवऱ्याची कॉलर धरायची. घट्ट."

"लग्न झाल्यापासून दुसरं काय करतोय?" गार्डची बायको म्हणाली.

इंजिनाने लांब शिटी दिली. अकरा मुठींनी अकरा कॉलरी धरल्या. गाडी वळायला लागली तशी अकराही नवऱ्यांची बुडं बाकावरून चार बोटं उचलली गेली, आणि पुन्हा टेकली. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला.

मग त्यांच्या लक्षात आलं, डब्यातला वारा बंद झालाय. अकरा खिडक्यांत अकरा बायका अडकल्या होत्या. कंबरेपर्यंत आत, बाकी सगळ्या बाहेर. एकीनेही कॉलर मात्र सोडली नव्हती.

"अगं, दोरीचा खिळा अजून तसाच आहे!"

"माझ्या दाराला हा असला रंग कोणी दिला?"

"आणि ते धुणं बघ, पिळलंय तरी का!"

वळणाच्या आतल्या अंगाला रेल्वेच्या क्वार्टर्सची रांग होती, या अकरा जणींची जुनी घरं.

साहेब उठले. आतून नुसत्या पाठीच दिसत होत्या, त्यातही दोन शेजारणी एकमेकींशी बोलता बोलता तिसरीच्या आड गेलेल्या. साहेब काटेकोर माणूस, अंदाजाने आकडा लिहिणं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी आपल्या खिडकीतून मान बाहेर काढली आणि मोजायला लागले. "सात, आठ, नऊ..."

बाईंना डब्याच्या दारातून पुढे पाण्याचा खांब दिसला.

"डोकी आत!" कोणी ढिम्म हललं नाही. मग बाईंचा वसतिगृहातला आवाज निघाला. "प्रत्येकीने आपापल्या जागेवर! आत्ताच्या आत्ता!"

बारा डोकी एकदम आत आली. साहेबांचं सगळ्यांत आधी. खांब वीतभर अंतरावरून सर्रकन निघून गेला.

साहेबांच्या चष्म्यावर कोळशाचे कण होते आणि केस उभे राहिले होते. "किती झाली?" त्यांनी विचारलं. मोजणी चुकली होती.

खोटं बोलणं बाईंना जमायचं नाही. "अकरा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला धरून बारा."

साहेबांनी बारा लिहिले. पुढच्या रकान्याशी पेन थांबलं. "कारण काय लिहू?"

"मी सांगते," ड्रायव्हरकाकांची बायको म्हणाली. "पंचवीस वर्षं त्या घरात काढली. शिटी ऐकली की हातातलं टाकून खिडकीत जायचं. हे इंजिनातून हात करायचे, मग मी आधण ठेवायची. पण गाडीतून आमचं घर कसं दिसतं, ते आज पहिल्यांदा बघितलं. यांनी रोज बघितलंय."

काका मान खाजवत हसले. "बघितलंय म्हणजे... अगं, गाडी धावत असायची. अकरा खिडक्या, अकरा डोकी. त्यातलं तुझं कुठलं, ते मला कधी कळलंच नाही. मी आपला सगळ्यांनाच हात करायचो."



"अय्या," गार्डची बायको म्हणाली, "आणि मी म्हणायची, भाऊजी किती अगत्याचे!"

साहेबांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. मग हळूच बाईंना विचारलं, "उभ्या गाडीतून डोकं काढलं, तर नियम मोडतो?"

"नाही साहेब. नियम धावत्या गाडीचा आहे."

साहेबांनी गजांच्या ओळीवर काट मारली आणि खाली लिहिलं, "क्वार्टर्ससमोर गाडी दोन मिनिटं उभी करावी. आजच्या परतीपासून." बाईंनी ते त्यांच्या खांद्यावरून वाचलं, खात्रीसाठी पुन्हा वाचलं, आणि मग सगळ्या डब्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

ड्रायव्हरकाकांच्या बायकोने नवऱ्याकडे वळून बघितलं.

"डावीकडून चौथी," ती म्हणाली. "आता तरी नीट बघून ठेवा."