रश्शाची निर्दोष सुटका

"हिच्या तांबड्या रश्शानं माझं पोट जाळलं, डॉक्टर!" निवृत्त पीटी मास्तर श्रीपतरावांनी बायकोदेखतच तक्रार केली. हौसाबाई शेजारीच बसल्या होत्या. गेले दोन महिने हेच तुणतुणं मास्तर सगळ्या भावकीत वाजवत होते.

दुर्बिणीच्या तपासणीत पोटात अल्सर दिसला होता. डॉक्टरांनी विचारलं, "दुखण्याची गोळी वगैरे घेता का?"

"छे! कधीतरी."

"कधीतरी म्हणजे?"

"रोज दोन. गुडघ्यासाठी. ज्येष्ठांच्या शर्यतीत धावायचंय ना! ही ओरडेल म्हणून पहाटे गुपचूप घेतो, उपाशीपोटी."

"मास्तर, अल्सर त्या गोळ्यांनी झालाय. रश्शाचा दोष नाही."

हौसाबाई खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "हे एवढं कागदावर लिहून द्या. सहीशिक्क्यासकट."

डॉक्टरांनी हसत लिहून दिलं. गोळ्या बंद केल्या आणि पोट बरं होईपर्यंत तिखटही.

रविवारी हौसाबाईंनी अख्खी भावकी जेवायला बोलावली. आधी तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला, मग रस्सा वाढला. तिसऱ्यांदा वाटी पुढे करत चुलत दीर म्हणाले, "वहिनी, दादा कुठायत?"

"आत. वास येतो म्हणून दार लावून दहीभात खातायत."