उद्देश क्रमांक एक

आधी संघटनेचे उद्देश लिहायचे की आधी पदाधिकारी ठरवायचे, यावरच पाऊण तास गेला. गारगोटी दळायच्या कारखान्यातले सात जण शिवणवालीच्या पुढच्या खोलीत चटईवर बसले होते. सहा जण भिंतीला पाठ लावून, कारण तसं बसलं तरच त्यांना धड श्वास घेता येई. सातवा शिवणवालीचा नवरा. तो तेवढा खोलीच्या मधोमध ताठ बसला होता.

शिवणाच्या मशीनवर फळी टाकून ती लिहीत होती. अक्षर तिचंच बरं, म्हणून हे काम तिच्या गळ्यात पडलं होतं. संघटनेच्या सभासदांची वही तिनं सकाळीच भरून ठेवली होती. नाव, वय, कारखान्यात किती वर्षं, आजार. सहा जणांपुढे दवाखान्याच्या कागदावर होतं तेच लिहिलं, टीबी. नवऱ्यापुढे लिहिलं, साधा खोकला. तिला बरोबर न घेता तो डॉक्टरकडे जाऊन आला होता आणि डॉक्टर असं म्हणाले, हे त्यानंच सांगितलं होतं. तिनं तो शब्द पदराला गाठ मारून ठेवला होता. त्याचे सदरे यंदा दोनदा आत घ्यावे लागले, तरीसुद्धा.

“टीबी नाही हा,” मुकादम म्हणाला. सगळ्यांत जुना तोच. दोन शब्द बोलून थांबायचा. “धूळ आहे... गारगोटीची. माणूस जातो... आणि कागदावर टीबी. कारखाना मोकळा. म्हणून उद्देश एक... आजाराचं खरं कारण कागदावर आणायचं. सभासद कुणीही असो. खोटं लिहायचं नाही.”

यावर मात्र कुणी वाद घातला नाही. तिनं उद्देश लिहिला आणि लगेच सभासदांच्या वहीत सहा ठिकाणी टीबी खोडून ‘गारगोटीची धूळ’ असं केलं. सातव्या नावापुढे खोडण्यासारखं काही नव्हतं.

पुढचं कलम वकिलानं दिलेल्या नमुन्यात छापलेलंच होतं. तिनं वाचलं, “पदाधिकाऱ्यांची मुदत पाच वर्षे राहील.”

मग रेडिओ हसला. पूर्वी पाळी संपेपर्यंत या माणसाचं तोंड मिटत नसे, म्हणून ते नाव. आता बॅटरी पार उतरली होती.

“पाच?” तो म्हणाला. “वकील... गमत्या दिसतो.”

सगळे हसले. हसता हसता सगळेच खोकू लागले आणि कलम तसंच राहिलं.

“तीन लिहा,” खोकला थांबल्यावर मुकादम म्हणाला.

“तीन कुणी बघितलीत? दोन.”

“एक लिहा हो, वहिनी. एक झालं तरी... पुष्कळ.”

भाजीचा भाव पाडावा तशी मुदत खाली येत गेली. तिला ऐकवेना. त्यांची कीव आली आणि आपल्या घरी असं नाही, याचं बरंही वाटलं. बरं वाटल्याची लाज वाटली, तरी ती बोलून गेली, “पाचच राहू द्या. अध्यक्ष यांना करा. यांचं तुमच्यासारखं नाही. यांना नुसता खोकला आहे.”

सहा माना खाली गेल्या. रेडिओ चटईची काडी उपसत बसला.

तिच्याकडे न बघताच नवरा बोलला, “नोंदणीचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. पदावरचा माणूस बदलला की दर खेपेला अर्ज घेऊन चढायचं. कोण चढणार?” तो थांबला. “त्यापेक्षा आपापल्या बायकांची नावं घालू. सगळ्या पदांवर. आत्ताच.”

“अध्यक्ष?” मुकादमानं विचारलं.

“ही.”

“आणि तुम्ही?” ती म्हणाली.

“मी सभासद.”

“मग मुदत किती लिहू?”

“पाच लिही. तुम्हाला काय धाड भरलीय!”

या वेळी रेडिओसुद्धा हसला नाही. तिनं मुदत लिहिली. अध्यक्ष म्हणून स्वतःचं नाव लिहिलं आणि मान वर केली. नवऱ्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. खांदे न हलवता, कुणाला कळू नये असा, तो नाकानं थोडा थोडा श्वास घेत होता. हे कसब एका दिवसात येणारं नव्हतं. किती महिने घरात, तिच्या डोळ्यांदेखत, असा बसत असेल? तिला त्याचा असा राग आला की वही त्याच्या अंगावर फेकावी. सहा परक्या माणसांना माहीत, आणि बायकोला नाही! मग राग कुठल्या कुठे गेला आणि नुसती भीती उरली.

तिनं सभासदांची वही उघडली. सातव्या नावापुढच्या ‘साधा खोकला’वर आडवी रेघ मारली.

“अहो,” ती म्हणाली, “उद्देश क्रमांक एक. इथं काय लिहू?”

रेडिओ मुकादमाकडे सरकला. भिंतीशी एका माणसापुरती जागा झाली. नवरा बसल्या बसल्या मागं सरकला आणि त्यानं भिंतीला पाठ टेकली.