धनुबाईची शपथ

दोधू बडोद्याला कॉलेजात शिकायला निघाला, तेव्हा त्याच्या आईने, धनुबाईने, मित्रांदेखत त्याला शपथ घातली, "दारू पिशी तं मन्हं मरेल तोंड देखशी." आळीतल्या बायांनी तिच्या धाकाचं कौतुक केलं.

सुट्टीत तो शहाद्याला घरी आला. धुळवडीच्या दुपारी नदीकाठच्या मळ्यात मोहाची दारू पिऊन बेशुद्ध पडला. उतरेल म्हणून मित्रांनी त्याला तिथेच उताणा निजवला. संध्याकाळी बैलगाडीतून प्रेत आलं. उलटी श्वासनलिकेत गेली होती. लगेच आणला असता तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले.

धनुबाईने त्याच्या मित्राला विचारलं, "भटू, याले दवाखानामा का नही लई गयात रे?"

भटूने मान खाली घातली.

"दवाखानानी वाट तुन्हा दारवरूनच जास ना, माय."