द्राक्षांचा गुण

प्रयोगशाळेतल्या त्या म्हाताऱ्या उंदराला तिथे संशोधन करणारी ती विद्यार्थिनी लाडाने आजोबा म्हणायची. सुरुवातीला आजोबांना आपलं खाण्याचं भांडं कुठे आहे तेसुद्धा आठवायचं नाही. तिने तीन महिने रोज थेंबाथेंबाने काळ्या द्राक्षांचा अर्क पाजला आणि असा गुण आला, की तिचा नुसता आवाज ऐकून आजोबा पिंजऱ्याच्या दाराशी धावायला लागले.

सर जाम खूश झाले. "द्राक्षांनी कमालच केली की! आता मेंदू कापून बघू, आत नक्की काय बदललंय ते. आजोबांना तूच घेऊन ये. मी हात घातला की कोपऱ्यात दडून बसतात."

तिने दार उघडलं. ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात हाक मारली.

तरी आजोबा आवाज ओळखून धावत आले आणि तिच्या तळहातावर चढून बसले.